भरलेला दहाचाकी ट्रक घेऊन कुंभार्ली घाट उतरणाऱ्यांसाठी

ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, घाट आता मक्खन झालाय, रात्रीच उतरा, ट्रॅफिक नसतो. त्यातलं ट्रॅफिक नसतो एवढंच खरं निघालं. कराडहून लोटे एमआयडीसी, पोत्यांचा माल. पाटण काय नि कोयनानगर काय, लिहिण्यासारखं काही नाही, गाणी ऐकत जाल. जे काय आहे ते हेळवाक सोडल्यापासून पोफळीपर्यंत.

आधी वजनाचं बोलतो. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, एक आकडा, वजनकाट्यावर दुसरा, टनभर फरक. दहाचाकीला 2018 पासून गाडी धरून 28.5 टन चालतं, त्याच्या वर गेलो होतो. सपाटीला टनभर जास्त कळत पण नाही, घाटात तोच टन मागून ढकलतो. जास्तीची पोती तिथंच उतरवून घेतली, ऑफिसवाला फोनवर ओरडत होता, ओरडू दे. ओव्हरलोडचा दंड 20 हजार आणि वर जास्तीच्या टनामागं 2 हजार, तो काय भरणार होता का?

आता तो घाट. ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनावरच गाडी धरणारा) चालू, हे सगळ्यांना माहीत असतं. सेकंडला गाडी गुरगुरत आपोआप येते. पण इथले खड्डे नेमके वळणाच्या पोटात आहेत. म्हणजे गाडी इंजिनवर मस्त धरलेली असते आणि वळण आलं की खड्ड्यासाठी ब्रेक मारावाच लागतो, नाहीतर माल एका अंगाला जातो, मग परत वेग घेते, परत वळण, परत ब्रेक, असं खालपर्यंत. त्यात धुकं. हेडलाइट अप्पर केला की समोर पांढरी भिंत, खड्डा दिसतो तो टायर त्याच्या तोंडाशी गेल्यावरच.

निम्म्यात आल्यावर ब्रेक लायनरचा, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांचा, जळका वास केबिनमध्ये यायला लागला, ब्रेक ज्या हवेवर चालतात तिच्या दाबाचा काटा 8 वरून साडेपाचवर. आणि पुढं एक ट्रेलर वळणात अडकलेला, म्हणून भर उतारावर थांबणं आलं. क्लीनर पोरानं उडी मारून चाकांपुढं लाकडी ठोकळे लावले, इंजिन मी चालूच ठेवलं, हवा भरत राहते. चाकातल्या ब्रेक ड्रमपासून वीतभर लांब हात धरला तरी चटका बसत होता. पोरगा पाण्याचा कॅन घेऊन आला, त्याला जोरात ओरडलो. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की ड्रम तडकतो. नुसतं बसून राहायचं, दुसरा इलाज नाही.

तर जाणाऱ्यांनी रात्र विसरा. सकाळी धुकं उठल्यावरच हेळवाक सोडा. वर सपाटीला थांबून टाकीतलं पाणी ड्रेन करा, पावसाळ्यात हवेच्या टाकीत पाणी साचतंच, आणि ब्रेकच्या ॲडजस्टरचा प्ले, म्हणजे ब्रेक किती ढिला झालाय ते, बघा. गिअर वरच ठरवा. मधे उतारावर गिअर खाली घ्यायला गेलात आणि पडला नाही तर गाडी न्यूट्रलला, मग देवच. ब्रेकवर पाय नुसता ठेवून घासत येऊ नका, दाबून वेग पाडा आणि पूर्ण सोडा. सारखं फटाफट पंपिंग पण नको, हवा संपते. लहान गिअरला इंजिन फिरत असतं म्हणून कॉम्प्रेसर पण हवा लवकर भरतो, आयडलला तेवढी भरत नाही.

आणि ते न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग, त्यांना हात जोडतो. आताच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) इंजिनला गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जातच नाही, न्यूट्रलला आयडलचं जातं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट जीव जायचा. 2022 च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या, ते आठवा.

खाली आल्यावर दुसरी लूट. ब्रेक टाइट करून द्यायचे एका गॅरेजवाल्यानं 3 हजार सांगितले, कराडात हे काम पाच-सहाशेत होतं. घाट उतरून आलेला माणूस हादरलेला असतो, भाव करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. मी पाना मागितला, म्हणलं मीच करतो, तेव्हा हजारावर आला. ॲडजस्टरचा पाना गाडीत ठेवा, आणि ड्रम गार झाल्यावरच टाइट करा, गरम असताना केलं तर गार झाल्यावर लायनर धरून बसतात.

चिपळूण, परशुराम घाट, लोटे, काही त्रास नाही.

माझं स्पष्ट मत, पावसाळ्यात भरलेल्या गाडीला हे भाडं परवडत नाही. घ्यायचंच असेल तर लायनरचा खर्च धरून वाढवून मागा, नाही दिलं तर सोडा. परतीला रिकामी गाडी चढताना मजा आहे, फक्त ओल्या वळणात मागची चाकं खड्ड्यात उडतात तेव्हा ब्रेक हलकाच लावा, आणि वरून भरलेली गाडी आली तर नियमानं वाट तुमची असली तरी तिला जाऊ द्या.