दोन बोटं माया

आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीतल्या ताईंचा फोन आला. "अभिनेत्री ते दिग्दर्शिका हा तुमचा प्रवास लिहून द्या, पंधरा तारखेच्या आत." प्रवास म्हटलं की मला गुजरात मेलचा जनरल डबाच आठवतो. माझं मुंबईचं नाटक बघणं बहुतेक त्या डब्यातूनच झालं. बाकी प्रवास म्हणावा असं काही घडलेलं नाही. बडोद्यात आपल्या शाळेच्या हॉलपासून गांधी नगरगृह या नाट्यगृहापर्यंत रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं लागतात आणि ते अंतर कापायला मला वीस वर्षं लागली, एवढंच.

आमच्या घरात नाटकाचं वेड आजीकडून आलं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलीला शाळेत धाडलं नाही तर दंड, म्हणून पणजोबांनी पुढे आजीलाही नाइलाजाने धाडलं आणि ती चौथीपर्यंत शिकली. त्या शिक्षणाचा तिने सगळ्यात जास्त उपयोग नाटकाच्या जाहिराती वाचायला केला. बालगंधर्व तिने बडोद्यात पाहिले होते, बायकांच्या बाजूला बसून. मी सहावीत शाळेच्या नाटकात काम करणार म्हटल्यावर ती म्हणाली, "बाईने बाईचं काम करायचं, त्यात कसलं आलंय कौतुक?" आजही कोणी माझं कौतुक करायला लागलं की मला ते वाक्य ऐकू येतं.

आपल्या शाळेचं स्नेहसंमेलन बसवायच्या त्या शिवणाच्या बाई. मराठीचे सर असायचे, पण नाटकाच्या दिवसांत त्यांचा दमा उसळायचा (खरा की खोटा, ते त्यांनाच ठाऊक). बाई नऊवारीत, नाकावर चष्मा, गळ्यात मोजपट्टी. तालमीला त्या हातात काहीतरी उसवत बसलेल्या असत. मान वर न करता त्यांना सगळं दिसायचं.

सहावीत मला जिजाऊंच्या दासीचं काम मिळालं. वाक्य एकच: "बाईसाहेब, पुण्याहून स्वार आलाय." मी ते घरी इतकं घोकलं, की शेजारच्या काकूंनी स्वाराला चहा विचारून झाला. तालमीत मी धावत आले, वाक्य ठणकावून म्हटलं.

"कुठून आलीस?" बाईंनी विचारलं.

"विंगेतून."

"वाड्याला विंग असते होय?"

पोरी हसल्या. मी म्हटलं, "स्वयंपाकघरातून."

"काय करत होतीस तिथे?"

"भांडी घासत होते."

"मग हात कोरडे कसे गं?"

मला वाटलं होतं, बाई वाक्य म्हणून दाखवतील, मी तसंच म्हणेन. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला वाक्य म्हणून दाखवलं नाही. संमेलनाच्या दिवशी त्यांनी विंगेत पाण्याची बादली ठेवली. मी कोपरापर्यंत हात बुडवले, आत गेले आणि पदराला हात पुसत ते वाक्य म्हटलं. घोकलेलं राहिलं बाजूला, आवाज घाईतल्या बाईसारखा आपोआप आला. प्रेक्षकांत बसलेल्या आईला क्षणभर मी ओळखूच आले नाही म्हणे. मात्र पाणी सगळं पदराला पुसलं गेलं नव्हतं. पाठोपाठ आलेला बालशिवाजी, म्हणजे सातवी ब मधली एक गोरीपान मुलगी, त्यावरून घसरली आणि थेट जिजाऊंच्या मांडीवर जाऊन पडली. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या. ती मुलगी आता सुरतेला असते आणि अजून मला त्या बादलीवरून बोलते.

पुढच्या वर्षी मला गालगुंड झालं. तोंड भोपळ्याएवढं, काम गेलं. रडारड झाली. बरी होऊन आले तेव्हा बाईंनी माझ्या हातात वही दिली: "प्रॉम्प्टिंग कर." त्या वर्षी पूर्ण नाटक मी, विसरलेली वाक्यं हळूच सांगत, विंगेच्या कापडाआडून पाहिलं. आपलं काम नसताना नाटक कसं दिसतं, ते तिथे पहिल्यांदा कळलं. कोण कोणाचं ऐकत नाही, कोण आपलं वाक्य यायची वाट बघत नुसतं उभं आहे, सगळं बाजूने लख्ख दिसतं. सगळ्यांची वाक्यं पाठ झाली, आणि एक खोडही लागली. बोलणाऱ्याबरोबर माझे ओठ हलायला लागले. त्या खोडीने पुढे मला चारचौघांत तोंडघशी पाडलं, पण ते पुढे सांगते.

१९७४ साली मी शाळेतून बाहेर पडले. सूरसागरासमोर विद्यापीठाचा नाट्यविभाग. तिथे शिकायला जायचं तर घरी परवानगी नव्हती, म्हणून दिवसा बी.कॉम. आणि संध्याकाळी हौशी मंडळं. त्या काळी दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत गणपतीत मराठी नाटक झालं नाही असं वर्ष जायचं नाही.

१९७८ च्या मे महिन्यात मावशीकडे दादरला गेले होते. मावशीने 'बॅरिस्टर'ची तिकिटं काढली. जयवंत दळवींचं नाटक, विक्रम गोखले बॅरिस्टर, आणि त्यातली मावशी विजया मेहता. म्हणजे मावशीबरोबर बसून मावशी पाहिली. दिग्दर्शनही त्यांचंच, हे मला मध्यंतरात जाहिरातीचा कागद उलटून पाहिल्यावर कळलं. उत्तरार्धात मी त्यांच्या पात्राकडे बघायचं सोडून दिलं. ही बाई आत्ता या घरातली मावशी आहे आणि हेच घर तिने उभं केलंय, हे दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, ते शोधत बसले. काही म्हणजे काही सापडलं नाही. दुसरं पात्र बोलत असताना त्या फक्त ऐकत होत्या, घरातली बाई ऐकते तशा. ओठ मिटलेले.

परत आल्यावर शिवणाच्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ती आपल्या बडोद्याचीच. जयवंतांची विजया." आम्हा बडोदेकरांना ही सवयच आहे, माणूस इथे जन्मला की मग त्याने नाव कुठेही काढो, तो आपला. विजयाबाईंचा जन्म इथला, १९३४ चा. पण घडल्या त्या मुंबईत, अल्काझी आणि आदी मर्झबान या दिग्दर्शकांच्या हाताखाली. १९६० मध्ये तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासोबत 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू केली. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' करायचं धाडस तिथलं. पुढे फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकाबरोबर तिथलाच नाटककार ब्रेख्त मराठीत आणला, 'अजब न्याय वर्तुळाचा', आणि मग उलट्या दिशेने कालिदासाला जर्मन नटांपर्यंत नेलं. 'संध्याछाया'तली नानी, 'हमीदाबाईची कोठी', 'पुरुष', १९८५ चं 'वाडा चिरेबंदी'. १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८७ मध्ये पद्मश्री. 'बॅरिस्टर'वरून त्यांनीच केलेल्या 'रावसाहेब' चित्रपटात तीच मावशी पुन्हा केली आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला या यादीत एकच गोष्ट विलक्षण वाटते. त्या दिग्दर्शिका झाल्या म्हणून त्यांच्यातली नटी कधी संपली नाही. पुष्कळ जणींचं तसं होत नाही. माझं झालं नाही.

मी अठरा वर्षं कामं केली. अहमदाबाद, सुरत, एकदा मुंबईला. मुंबईच्या दिग्दर्शकाने पहिल्याच तालमीत मला थांबवलं. मी पदरचं वाक्य टाकलं होतं, "बारी लावून घे." ते म्हणाले, "बारी? ही काय तमाशाची बारी आहे का?" आमच्याकडे खिडकीला गुजरातीसारखं बारी म्हणतात, हे मला तोवर मराठीच वाटत होतं. त्या दिवसापासून वहीत मी बडोद्याच्या शब्दांची यादी ठेवायला लागले, टाळण्यासाठी. आता तीच यादी मी मुलांना देते, वापरण्यासाठी. बडोद्यातलं घर दाखवायचं तर खिडकी कशाला, बारीच हवी!

पस्तिशी उलटली आणि मला आईची कामं यायला लागली. पहिल्या नाटकात माझी मुलगी झालेली बाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. तिने लाजेने ते कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. अशातच एका मंडळाच्या नाटकाचे दिग्दर्शक, प्रयोगाला बारा दिवस उरले असताना, मानधनावरून रुसून निघून गेले. मुख्य काम माझं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी बसवते. काम सोडायचं मात्र मला सुचलं नाही. विजयाबाई करतात, तर आपल्याला काय अडचण?

मी बसवलं म्हणजे काय केलं? प्रत्येकाला प्रत्येक वाक्य म्हणून दाखवलं. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, चहाचा कप कोणत्या शब्दावर ठेवायचा, सगळं आखून दिलं. नोकराचं काम करणारा बँकेतला एक साधा माणूस होता. त्याने विचारलं, "ताई, मी थोडं माझ्या पद्धतीने करू का?" मी म्हटलं, "वेळ नाहीये." प्रयोग गांधी नगरगृहात झाला. मला वाटलं, उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतल्या एका ओळखीच्या वहिनी भेटल्या आणि हसत म्हणाल्या, "तुमचे ओठ पूर्ण वेळ हलत होते हो. सगळ्यांचीच वाक्यं तुम्ही म्हणत होता. मला वाटलं, मंत्र पुटपुटणारी बाई आहे नाटकात."

शिवणाच्या बाई त्या प्रयोगाला आल्या होत्या. तोवर निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या जवळ. मी त्यांच्या घरी गेले. त्या ओटल्यावर नातीचा फ्रॉक उसवत बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, कसं झालं?"

"सगळ्यांचे कपडे तूच घालून उभी होतीस की गं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा उसवायला लागल्या. बऱ्याच वेळाने फ्रॉकची शिवण माझ्यापुढे धरली. "ही बघ, दोन बोटं माया सोडली होती. म्हणून आता कंबरेला पोरगी मावेल. तू माया सोडलीच नव्हतीस. त्या नोकराला श्वास घ्यायला जागा नव्हती."

आजच्या मुलांसाठी सांगते, कापड शिवताना टिपेच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही. शाळेतल्या नाटकांचे कपडे बाई नेहमी भरपूर माया ठेवून शिवायच्या, कारण यंदाची जिजाऊ बारकी असली तर पुढच्या वर्षीची धष्टपुष्ट असणार. कापडाला पैसे नसायचे. बाईंनी काटकसरीतून काढलेली युक्ती होती ती. मला मात्र त्या ओटल्यावर बसून आमची सगळी नाटकं आठवली. तीच नाटिका तीन वर्षांत तीन मुलींनी केली आणि तिन्ही जिजाऊ वेगळ्या होत्या. एक रागीट, एक थकलेली, एक तर चक्क विनोदी. बाईंनी तिघींना चाललं.

त्यानंतर मी बसवत असलेल्या नाटकात काम करणं बंद केलं. त्याग वगैरे काही नाही, मला दोन्ही जमत नाही इतकंच. काही वर्षांनी कामं करणंच सुटलं. सुरुवातीला फार जड गेलं. एखादी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत वाक्य वाया घालवते आणि मी ते कसं म्हटलं असतं ते मला ऐकू येत असतं, तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरून बसावं लागतं. नट आपल्या पात्राची बाजू घेतो. दिग्दर्शकाला एकाची बाजू घेता येत नाही, सासूचीही पटायला हवी आणि सुनेचीही. घरात हे मला कधी जमलं नाही, हा भाग वेगळा. तालमीत आता मी विचारते: कुठून आलीस, हात ओले का कोरडे, येण्याआधी कोणाशी बोललीस? उत्तरं त्यांची. एकदा एक मुलगी म्हणाली, "मी देवळातून आलेय, पण देव बंद होता." संहितेत असं काही नव्हतं. त्या एका बंद देवळाने पूर्ण प्रवेश बदलला.

बँकेतला तो गृहस्थ पुढे माझ्या सात नाटकांत होता. त्याची माफी मागायची राहून गेली होती. ती मागितली, तर म्हणाला, "ताई, त्या वेळी पगार कापला असता तरी चाललं असतं. तुम्ही पॉज कापलात."

महोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांचं नाटक बसवायला घेतलं, तेव्हा शिपाईकाकांनी कोठीतली लोखंडी ट्रंक उघडून दिली. डांबराच्या गोळ्यांचा वास, त्याखाली जिजाऊंचा हिरवा शालू. शालू कसला, कुणाच्या तरी लग्नातल्या पडद्याचं कापड आणि त्याला शिवलेली जर. चोळी उलटी करून पाहिली. शिवणीच्या आत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन ओळी आहेत आणि अजून बोटभर माया शिल्लक आहे. यंदा चौथी ओळ पडेल. जिजाऊ यंदा पंचावन्न वर्षांच्या आहेत आणि बोटभर पुरेल की नाही, यावर तालमीत रोज चर्चा होते.

काम करायला एकोणीस जण तयार झाले, प्रॉम्प्टिंगला एकही नाही. डॉक्टर, वकील, एक निवृत्त तहसीलदार, सगळ्यांना उजेडात यायचंय. शेवटी तहसीलदारांच्या मिसेसना वही दिली, त्या आपल्या शाळेच्याही नाहीत. तालीम संपली की सेव-उसळ येते आणि त्यावर तुटून पडताना कोणाला संवाद आठवत नाहीत.

ही स्मरणिका तुमच्या हातात पडेल तेव्हा तिसरी घंटा व्हायला थोडाच वेळ असेल. विंगेत बादली ठेवली आहे, बालशिवाजीला बजावून ठेवलं आहे. मला शोधाल तर शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेली सापडेन. तिथे अंधार असतो. ओठ हलले तरी कोणाला दिसत नाहीत.