मिलोसला भरती किती वाजता?

बोटीत पाय ठेवल्या ठेवल्या बाबांनी कॅप्टनला विचारलं, "हाय टाइड व्हॉट टाइम?" कॅप्टन हातातला दोर तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "टाइम? टू ओक्लॉक, वी कम बॅक." त्याला वाटलं परत यायची वेळ विचारतायत. बाबांनी हाताने पाणी वर, पाणी खाली असं करून दाखवलं, तेव्हा तो "नो, नो" म्हणाला, फुंकर मारल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाला, "ओन्ली विंड."

बाबा गप्प बसले. पण त्यांचा विश्वास बसलेला नाही हे मला दिसत होतं.

आधीचं थोडक्यात सांगते. मी स्टुटगार्टला असते, आई-बाबा पुण्याहून आले गणपती आटोपून, अथेन्सला तीन दिवस काढले (ॲक्रोपोलिस, ऊन, आईचे गुडघे), मग पिरेअस बंदरातून फास्ट फेरीने मिलोस या ग्रीक बेटावर. सगळे सँटोरिनीला जातात, मी मुद्दाम मिलोस घेतलं कारण मला गर्दी अजिबात सहन होत नाही आणि आई-बाबांना तर त्याहून नाही. आणि मिलोसला जायचं म्हणजे क्लेफ्टिको बघायचं. बेटाच्या नैऋत्य टोकाला पांढरे खडक, कमानी, गुहा, गाडीरस्ता नाही, बहुतेक सगळे बोटीनेच जातात. तीस-चाळीस माणसांच्या बोटी दिवसभर नेतात, पण त्यात सगळे पाण्यात उड्या मारणार आणि हे दोघं कोपऱ्यात बॅगा सांभाळत बसणार, हे चित्र मला नको होतं. म्हणून अर्ध्या दिवसाची प्रायव्हेट बोट घेतली. साडेपाचशे युरो. बाबांनी विचारलं तेव्हा निम्मे सांगितले, ते आत्तापर्यंत त्यांना माहीत नाही आणि कोणी सांगूही नका.

बुकिंग केलं त्या एजंटबद्दल एवढंच बोलते की इंधनासकट म्हणून सांगितलं होतं आणि आदल्या रात्री मेसेज आला की इंधनाचे साठ वेगळे. अशा वेळी माणूस काय करणार, आई-बाबा झोपलेत, सकाळी आठला निघायचंय, दिले. पण राग आला तो आलाच. कुणी जात असाल तर हे आधी लेखी घ्या. कॅप्टनचा यात काही संबंध नव्हता, त्याला हे कळलं तेव्हा त्याचाच चेहरा पडला.

तर बाबा. बाबांचं गाव हर्णै. बंदराला लागूनच घर, समोर सुवर्णदुर्ग. आजोबांचा, म्हणजे ज्यांना बाबा आण्णा म्हणायचे त्यांचा, एक मचवा, म्हणजे मोठी होडी, होता, तो मी जन्मायच्या आधीच विकला. बाबा पुण्यात बँकेत लागले ते तिथेच रिटायर झाले. लहानपणी सुट्टीत हर्णैला गेलं की ते सकाळी चहा पिताना तिथी बघून भरतीची वेळ सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, की झाली पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा वाजता, चतुर्थीला तीन. मला तेव्हा ते भयंकर कंटाळवाणं वाटायचं. मी कधी पुढे काही विचारलं नाही, मचवा कसला होता, कोण चालवायचं, का विकला, काहीच नाही. हे मी आज लिहिताना मला जड जातंय.

त्या दिवशी वद्य षष्ठी होती. बोट आदामासच्या, म्हणजे मिलोसच्या बंदराच्या, धक्क्यावरून सुटली आणि बाबांनी घड्याळात बघितलं. "सहाची पाऊणपट साडेचार. त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे साडेदहाला सुकती, पूर्ण ओहोटी. इथे आठ म्हणजे घरी साडेदहाच. आत्ता हर्णैला सगळं उघडं पडलं असणार." आणि ते धक्क्याच्या भिंतीकडे बघत राहिले. आपल्याकडे कुठल्याही धक्क्याची भिंत बघा, किती उंचीपर्यंत ओली असते, कालवं चिकटलेली असतात, शेवाळ असतं. इथे पाण्यालगत एक वीतभर हिरवी रेघ आणि त्यावर कोरडा पांढरा दगड. "भिंत कोरडी आहे गं," बाबा मला म्हणाले. मी फोनवर वाचून दाखवलं की भूमध्य समुद्र जवळजवळ सगळा जमिनीने वेढलेला, अटलांटिककडे उघडणारं तोंड जिब्राल्टरपाशी जेमतेम १४ किलोमीटर, त्यामुळे मोठी भरती आत शिरूच शकत नाही. मुंबईला पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर उधाण आलं की बातम्या लागतात, आणि इथे काही सेंटिमीटर. बाबांनी ऐकलं, मान हलवली, आणि पुन्हा भिंतीकडेच बघितलं.

खाडी मोठी आहे, ज्वालामुखीने केलेली, आत पाणी तळ्यासारखं शांत. तोंडाशी आलो, अस्वलासारखा दिसणारा खडक मागे टाकला आणि उत्तरेचा वारा एकदम अंगावर आला. मेल्तेमी म्हणतात त्याला, उन्हाळाभर वाहतो, सप्टेंबरातही सोडत नाही. वीस मिनिटं बोट आपटत होती आणि आईचा चेहरा पांढरा पडला. कॅप्टनने वेग कमी केला, तिला मागे मधोमध बसवलं, हातात एक कडक टोस्ट दिला, असा कडक की दाताने फुटेना, आणि लांब क्षितिजाकडे बोट दाखवून तिथेच बघायला सांगितलं. बेटाच्या आडोशाला येईपर्यंत तो दर दोन मिनिटांनी मागे वळून तिच्याकडे बघत होता. मोठ्या बोटीवर हे कोणी केलं असतं? मला साडेपाचशे युरो तिथेच वसूल वाटले.

क्लेफ्टिको सुंदर आहे. फोटोत दिसतं तसंच आहे. नऊच्या आसपास पोचलो तेव्हा रात्री नांगर टाकून राहिलेली एक शिडाची बोट आणि आम्ही, बाकी कोणी नाही. आई लाइफ जॅकेट घालून शिडीवरून कमरेपर्यंत पाण्यात उतरली आणि दहा मिनिटं शिडीला धरून तशीच उभी राहिली, वर यायला तयार नाही. कॅप्टनने सांगितलं की क्लेफ्तिस म्हणजे चोर, इथे समुद्री चाचे लपायचे. बाबा मला मराठीत म्हणाले, "त्याला विचार, ते स्वतःला चाचे म्हणायचे, की दुसरं कोणी त्यांना म्हणायचं? आंग्र्यांनाही इंग्रज तेच म्हणत होते." मी जमेल तसं भाषांतर केलं. कॅप्टन हसला, म्हणाला गुड क्वेश्चन. दहा वाजता अकरा बोटी मोजल्या, एकीवर मोठ्याने गाणी. आम्ही निघालो. वाटेत सिकियाची गुहा, छप्पर कोसळलेली, वरून ऊन आत पडतं, बोट थेट आत जाते.

परत खाडीत शिरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि कॅप्टनने विचारलं की क्लिमाला थांबायचं का, त्याच्या घरच्यांची तिथे एक जागा आहे. प्लॅनमधे ते नव्हतं, लांबून फोटो काढायचे एवढंच होतं.

क्लिमा म्हणजे कोळ्यांची जुनी वस्ती. एका ओळीत घरं, खाली होडीसाठी खोली, वर राहायची खोली, आणि खालच्या खोल्यांचे दरवाजे, निळे, लाल, पिवळे, हिरवे, थेट पाण्यावर उघडणारे. दरवाजा आणि समुद्र यांच्यात चार पावलांची फरशी. या खोल्यांना सिरमाता म्हणतात, ओढणे या अर्थाच्या शब्दावरून, कारण होडी ओढून आत घ्यायची. मी याचे शेकडो फोटो बघितले होते आणि मला फक्त रंग दिसले होते.

बाबांना दुसरंच दिसलं. ते फरशीवर उभे राहिले, दरवाज्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "असं घर आपल्याकडे एक दिवस टिकणार नाही." भरती नाही म्हणूनच हे गाव असं बांधता आलं! हर्णैला होड्या वर लांब नेऊन ठेवतात, ओहोटीला माल उतरवायला बैलगाड्या पाण्यात घालतात, समुद्र दिवसातून दोनदा येणार नि दोनदा जाणार हे धरूनच सगळं आयुष्य. आणि इथे उंबऱ्याशी समुद्र, आणि तो तिथेच राहतो. बाबा उकिडवे बसले. फरशीवरून पाण्यात उतरणाऱ्या तीन पायऱ्या होत्या, सगळ्यात खालची पाण्यात, मधलीची कड ओली. त्या कडेला एक तडा होता नि पाणी बरोबर त्या तड्याखाली लागत होतं. ते त्यांनी बोट ठेवून बघितलं. वेळ बघितली, पावणेबारा.

तेवढ्यात कॅप्टनने निळा दरवाजा उघडला. आत अंधार, गारवा, रंगाचा आणि डिझेलचा वास, भिंतीला जाळी, आणि मधे ओंडक्यांवर एक लाकडी होडी. त्याच्या आजोबांची, म्हणाला. आता कोणी वापरत नाही पण दरवर्षी रंगवतो. बाबांनी चप्पल काढली. खरंच, दारात चप्पल काढून आत गेले आणि होडीच्या फळ्यांवरून हात फिरवायला लागले. दोन फळ्यांच्या सांध्यात एका ठिकाणी जुना पुट्टी निघाला होता आणि आतला कापसाचा पीळ दिसत होता. बाबांनी तो नखाने दाबून बघितला आणि स्वतःशीच म्हणाले, "कलापत्ती परत करायला हवी."

कॅप्टन म्हणाला, "कालाफातीस?"

बाबा म्हणाले, "कलापत्ती. कलापत्ती." आणि हातात छिन्नी आहे असं धरून सांध्यात कापूस ठोकायची कृती केली, टक टक टक. कॅप्टनने तीच कृती केली, "कालाफातीस!" आणि एका फळीवरून हातोडी-छिन्नी काढून दाखवली, तोंड बोथट असलेली. मी दारात उभी होते आणि मला काही कळेना की हे दोघं एकच शब्द कसा बोलतायत. नंतर बघितलं, पोर्तुगीजमधेही कालाफाते. बंदराबंदरांतून खलाशांच्या तोंडी फिरलेला शब्द. आण्णांच्या मचव्याला दर पावसाळ्याआधी कलापत्ती करायला एक म्हातारा यायचा, कापसाला राळ नि तेल लावायचा, आणि बाबांचं काम पीळ वळून द्यायचं, हे मला त्या अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा कळलं. मी त्यांची मुलगी, वय अडतीस. कॅप्टनला मात्र सगळं कळत होतं, ते मराठीत सांगत होते तरी.

मग वरून कॅप्टनच्या मावशीने हाक मारली आणि आम्हाला जिना चढायला लावलं. आईला ती हाताला धरूनच घेऊन गेली. कॉफी आणि कारपुझोपिता, म्हणजे कलिंगडाचा गर, मैदा, मध आणि वर तीळ घालून भाजलेली पातळ वडी. आईने एक घास खाल्ला नि म्हणाली, "अहो, हे आपलं काकडीचं धोंडसच की." मावशीला इंग्रजी येत नव्हतं, आईला ग्रीक, पण किती वेळ भाजायचं हे बोटांवर ठरलं. पैसे द्यायला गेले तर तिने माझा हात बंद करून परत माझ्याच खिशात घातला. खिडकीतून वरची टेकडी दिसत होती, कॅप्टन म्हणाला तिथल्याच शेतात १८२० मधे व्हीनसचा पुतळा सापडला, जो आता पॅरिसला लूव्हरमधे आहे. आम्ही माना हलवल्या, पण खरं सांगायचं तर बाबांचं लक्ष खालीच होतं.

निघताना बाबांनी आण्णांची गोष्ट सांगितली आणि मी ती इंग्रजीत केली. उधाणाच्या रात्री आण्णा झोपायचे नाहीत. कंदील घेऊन दोनदा खाली जायचे, मचव्याचे दोर बघायला, ढिले करायला, परत आवळायला. बाबा सात-आठ वर्षांचे, मागून जायचे. कॅप्टनने ऐकलं आणि हिवाळ्यातलं सांगितलं, वारा फिरला की लाटा दरवाज्यावर आपटतात, तेव्हा फळ्या लावाव्या लागतात. हाताने दाखवलं, त्याच्या छातीएवढं पाणी. दोनचे अडीच झाले होते धक्क्याला लागेपर्यंत. त्याने जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

आई हॉटेलवर झोपली. संध्याकाळी बाबा म्हणाले, "परत जाता येईल का तिथे?" भाड्याची गाडी होती, क्लिमाचा रस्ता अरुंद आणि सरळ उतार, वरच गाडी लावून चालत उतरलो. सूर्यास्त बघायला बरीच माणसं आली होती, सगळे फोन धरून पश्चिमेकडे. बाबा सरळ निळ्या दरवाज्यापाशी गेले आणि पायरीपाशी उकिडवे बसले.

तडा दिसत होता. पाणी त्याच्या खाली, चार बोटं, फार तर. सात वाजले होते, सव्वासात तास झाले होते. हर्णैला एवढ्या वेळात बोटी तरंगून परत वाळूला टेकल्या असत्या. त्यांनी तड्यावर हात ठेवला, चार बोटं मोजली, परत मोजली, आणि मग ते पायरीवरच बसले, पाय पाण्यात सोडून. मीही बसले.

"आण्णांना इथे झोप लागली असती," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "हिवाळा सोडून."