तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रीस्टाइल येणारा पोरगा प्रोफेशनल खेळेल का?

“पोरगा चेंडू खाली न पाडता पाचशे वेळा उडवतो, मानेवर थांबवतो, ‘अराउंड द वर्ल्ड’ दोन्ही पायांनी करतो. आता याला प्रोफेशनल करायचं तर पुढं काय?” कोल्हापुरात हा प्रश्न आई-वडील विचारतात, तालमीतले काका विचारतात, आणि बारा-चौदा वर्षांची पोरं स्वतःही विचारतात. प्रश्न मनापासून आलेला असतो, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं. निव्वळ फ्रीस्टाइलच्या, म्हणजे चेंडू अंगावर खेळवायच्या युक्त्यांच्या, जोरावर कुणी प्रोफेशनल फुटबॉलपटू होत नाही. त्यातून मिळणारं भांडवल खरं आहे, पण ते कुठं चालतं आणि कुठं चालत नाही हे वेळेत कळलं नाही तर पोराची तीन-चार मोलाची वर्षं भलत्याच सरावात जातात.

अडचण पायांत नसते, नजरेत असते.

‘अराउंड द वर्ल्ड’ जवळून बघा. चेंडू बुटाच्या लेसवरून साधारण ३० सेंटिमीटर वर उडतो आणि परत त्याच उंचीवर यायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पाऊल त्याच्याभोवती पूर्ण फिरवून पुन्हा त्याच्याखाली आणायचं. पाय चेंडूला लागता लागताच फिरायला सुरुवात झाली तर जमतं. आधी उडवला आणि मग पाय फिरवला की उशीर होतो आणि चेंडू नडगीवर आपटतो. हे करताना पोराची हनुवटी छातीकडे गेलेली असते, खांदे पुढं झुकलेले असतात आणि डोळे क्षणभरही चेंडूवरून हलत नाहीत. हलवून चालणारच नाही. ही युक्ती पक्की व्हायला हजारो आवर्तनं लागतात, आणि प्रत्येक आवर्तनात शरीर एकच गोष्ट शिकत असतं: चेंडू जवळ आला की खाली बघ.

आता शाहू स्टेडियमवर मधल्या फळीत खेळणाऱ्या पोराचा विचार करा. त्याच्याच संघातल्या मागच्या बचावपटूने वीस मीटरवरून कडक पास दिला. चेंडू पोचायला सव्वा-दीड सेकंद. एवढ्या वेळात त्याने एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघायचं, एकदा डाव्या, पाठीवर कोण येतंय आणि कुठली बाजू मोकळी आहे ते टिपायचं. शरीर चेंडूकडे तोंड करून सरळ ठेवायचं नाही, अर्धं वळवायचं, म्हणजे दोन्ही गोल नजरेच्या टप्प्यात राहतात. मग लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा आणि पहिल्याच स्पर्शात तो मोकळ्या बाजूला मीटर-दीड मीटर ढकलायचा. चेंडूकडे डोळे लागतात ते शेवटच्या क्षणी, पाय लावण्यापुरते. फ्रीस्टाइलमध्ये मुरलेला पोरगा इथं पास सुटल्यापासून चेंडूकडेच बघत राहतो. ट्रॅप अप्रतिम होतो, चेंडू पायाला चिकटल्यासारखा थांबतो, आणि त्याच क्षणी पाठीवर आलेला समोरच्या संघाचा खेळाडू चेंडू काढून घेऊन जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगा अंगाने कमी पडला. खरं म्हणजे तो बघायला कमी पडला.

नॉर्वेचे संशोधक गेयर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या या मान वळवण्याचा अभ्यास केला. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा इकडंतिकडं बघतात, त्यांचे पास जास्त वेळा यशस्वी होतात असं त्यातून दिसलं. इंग्लंडचा मधल्या फळीतला फ्रँक लॅम्पार्ड त्यात अगदी वरच्या ओळीत होता. त्याला कुणी जादूगार म्हणत नसे, पण प्रोफेशनल फुटबॉलची मागणी काय असते ते त्याच्याकडे बघून समजतं.

दुसरी गोष्ट त्या पहिल्या स्पर्शाचीच. फ्रीस्टाइलचा स्पर्श चेंडू शांत करतो, आपल्याजवळ ठेवतो. सामन्यातला स्पर्श चेंडूला पुढच्या कामाला लावतो. ९० मिनिटांत खेळाडू १० ते १२ किलोमीटर धावतो, आणि त्यातलं चेंडूसह धावणं दोनशे मीटरच्या आसपास भरतं. एका वेळी चेंडू पायाशी असतो तो जेमतेम एक-दीड सेकंद, साधारण दोन स्पर्श. म्हणजे ज्या कामात आपला पोरगा हुशार आहे, त्याला पूर्ण सामन्यात एक-दोन मिनिटं मिळणार. बाकी वेळ जागा धरणं, धावणं, माणूस पकडणं, चेंडू हिसकावणं आणि दमल्यावरही परत मागं येणं. फ्रीस्टाइलची फेरी वीस-तीस सेकंदांची, गुळगुळीत फरशीवर, अंगावर कुणी येत नसताना. आपल्याकडची सरावाची मैदानं मुरमाड, चेंडू कुठंही उसळणार, आणि सत्तराव्या मिनिटाला पाय जड झालेले असताना खांद्याला खांदा लागणार. दमलेल्या, धक्का खाल्लेल्या शरीरात फरशीवरचं कौशल्य जसंच्या तसं उतरत नाही.

मग त्याचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. कच्चा पाय सुधारतो. रोज दोन्ही पायांनी उडवणाऱ्या पोराला डाव्या पायाचा पास देताना भीती वाटत नाही. उंचावरून आलेला गोलकिक मांडीवर किंवा छातीवर अलगद उतरवता येतो. एका पायावरचा तोल सुधारतो. चेंडू नेमका कुठं लागला की कसा फिरतो, हे पायाला सांगावं लागत नाही. आठ ते बारा वर्षांच्या वयात हे सगळं फार चटकन शिकलं जातं, म्हणून त्या वयात भरपूर जगलिंग (चेंडू खाली न पाडता उडवणं) करू द्यावं असंच माझं मत आहे. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मात्र तासांची वाटणी बदलली पाहिजे.

इथं हटकून रोनाल्डिन्हो आणि नेमारचं नाव निघतं. दोघंही युक्त्यांमध्ये वाकबगार होते, पण दोघांचीही जडणघडण फुटसालमध्ये झाली. फुटसाल म्हणजे लहान मैदान, कमी उसळणारा चेंडू, आणि समोर सतत माणूस. फ्रीस्टाइलमध्ये समोर माणूस नसतो, एवढा एकच फरक सगळं बदलून टाकतो. लहानगा मॅराडोना अर्जेंटिनोस ज्युनियर्सच्या सामन्यांत मध्यंतराला मैदानावर येऊन चेंडू उडवून दाखवायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे, हे खरं आहे. पण तोच पोरगा त्याच क्लबच्या लहान मुलांच्या संघातून सामनेही खेळत होता. चेंडू उडवणं हे त्याच्या फुटबॉलचं एक अंग होतं.

उलट बाजूची उदाहरणं जास्त शिकवतात. ब्राझीलचा केरलॉन कपाळावर चेंडू उडवत पळायचा. सील या समुद्री प्राण्यासारखा दिसतो म्हणून त्या युक्तीला तेच नाव पडलं. २००५ च्या दक्षिण अमेरिकन १७ वर्षांखालील स्पर्धेत त्याने सर्वाधिक गोल केले होते, म्हणजे पोरगा नुसता खेळ दाखवणारा नव्हता. पण चेंडू कपाळावर असताना तो कायदेशीरपणे काढून घ्यायला बचावपटूला फारसा मार्गच उरत नाही, म्हणून ते सरळ अंगावर यायचे. २००७ मध्ये क्रुझेरोकडून अ‍ॅटलेटिको मिनेरोविरुद्ध खेळताना त्याने ती युक्ती केली, समोरच्या बचावपटूने त्याला जोरात आडवं पाडलं आणि लाल कार्ड घेतलं. पुढं इंटर मिलानने त्याला करारबद्ध केलं, पण गुडघ्याच्या दुखापतींनी त्याला सोडलं नाही आणि इंटरच्या मुख्य संघातून तो कधी खेळला नाही.

हाशिम मस्तूरची गोष्ट आजच्या पोरांना जास्त जवळची वाटेल, कारण ती व्हिडिओपासून सुरू होते. एसी मिलानच्या युवा संघातला हा पोरगा नेमारसोबतच्या युक्त्यांच्या व्हिडिओमुळे जगभर पोचला. २०१४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो मिलानच्या मुख्य संघाच्या बाकावर होता. २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी तो मोरोक्कोकडून खेळला. त्यानंतर? मिलानकडून एकही लीग सामना नाही. मालागाकडे उसना पाठवला, तिथं काही मिनिटांचा एकच सामना. पुढची वर्षं नेदरलँड्स आणि ग्रीसमधल्या लहान संघांकडून आणि इटलीतल्या खालच्या श्रेणींतल्या संघांकडून गेली. पायांत कमी काहीच नव्हतं. त्या पायांकडून मोठा संघ रोज जे काम मागतो, त्याची तयारी व्हायच्या आधी नाव मोठं झालं.

तिसरी वाटही आहे. फ्रान्सचा शॉन गार्निये आधी क्लबांच्या अकादम्यांमध्ये घडला, दुखापतींमुळे तो रस्ता बंद झाला, मग तो फ्रीस्टाइलकडे वळला आणि २००८ मध्ये साओ पाउलोला रेड बुल स्ट्रीट स्टाइल या फ्रीस्टाइल स्पर्धेचा जगज्जेता झाला. फ्रीस्टाइल हा स्वतंत्र खेळ आहे. त्यात एकास एक लढती होतात, परीक्षक असतात, कार्यक्रम, जाहिराती आणि कार्यशाळांमधून पोट भरणारी माणसं आहेत. ज्या पोराला सामन्यापेक्षा हेच मनापासून आवडतं, त्याला ते करू द्यावं. फक्त तो फुटबॉलकडे जाणारा जवळचा रस्ता आहे असं समजून कुणी त्यावर चालू नये.

आपल्या गावाचं एक वेगळेपण इथं आडवं येतं. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल... पेठापेठांतल्या संघांवर जीव टाकणारे प्रेक्षक दुसरीकडं क्वचितच सापडतील. एखाद्याने समोरच्याच्या पायांतून चेंडू काढला की गॅलरी उभी राहते. पोराला ते ऐकू येतं, आणि पुढच्या वेळी साधा पास मोकळा असताना तो पुन्हा पायांतूनच काढायला जातो. निवड करायला आलेला प्रशिक्षक मात्र त्या ओरडण्याकडे लक्ष देत नाही. तो बघतो की चेंडू गेल्यावर हा पोरगा पुढच्या पाच सेकंदांत काय करतो. अनिकेत जाधव कोल्हापुरातून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढं २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि मग इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) पोचला. निवासी प्रशिक्षण, वयोगटाच्या स्पर्धा, वरच्या दर्जाचे सामने: रस्ता या क्रमाने जातो. व्हिडिओ पाहून फार तर चाचणीला बोलावतात. चाचणीत अनोळखी पोरांच्या संघात वीसेक मिनिटं खेळायला मिळतं आणि चेंडू मोजक्याच वेळा येतो. त्यात दोनदा युक्ती करायला जाऊन चेंडू गमावला की निवडणाऱ्यासमोर दुसरं काही उरत नाही.

आता सरावाचं. जुलै-ऑगस्टमध्ये गांधी मैदानात पाणी साचतं, बाकीची मैदानं चिखल होतात, आणि पोरं गच्चीवर चेंडू उडवत बसतात. हाच काळ नीट वापरता येतो. जगलिंग पंधरा मिनिटं, सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम करायला म्हणून. पण एक अट: कुणीतरी तीन मीटरवर उभं राहून बोटं दाखवायची आणि पोराने चेंडू न पाडता आकडा सांगायचा. पहिल्या आठवड्यात पन्नास उडवणारा पोरगा आठ-दहावर चेंडू पाडतो. ते होऊ द्या. नजर वर उचलायला तो तिथंच शिकतो.

मग भिंत. पाच मीटरवरून उजव्या पायाने शंभर, डाव्याने शंभर पास, दोन स्पर्शांत. पहिला स्पर्श चेंडू पायाखाली थांबवणारा नको, बाजूला काढणारा हवा. म्हणून दोन्ही बाजूंना एक-एक मीटरवर बाटली ठेवा आणि चेंडू तिच्यापलीकडे गेला तरच तो पास मोजा. दुसऱ्या टप्प्यात पोरामागे कुणीतरी उभं राहून चेंडू भिंतीकडे निघताच डावा किंवा उजवा हात वर करायचा. पोराने खांद्यावरून बघून उलट बाजूला चेंडू काढायचा. इथं घोडं अडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: पोरगा चेंडू पोचल्यावर मागं बघतो. चेंडू भिंतीकडे जात असतानाच मान वळली पाहिजे.

चेंडू पूर्ण फुगलेला वापरा. सामन्याच्या पाच नंबरच्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. फ्रीस्टाइलवाले हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे तो पायावर नीट बसतो. त्याच चेंडूने पासचा सराव केला की सामन्यातला चेंडू दगडासारखा लागतो आणि पास लांब जातात. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा जांघेत दुखायला लागलं तर उड्या आणि पाय फिरवण्याच्या युक्त्या लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाने तासन्‌तास तेच फिरवणं त्या जागांवर ताण आणतं.

आणि पोरगा कुठं उभा आहे हे बघायचं असेल तर त्याच्या पुढच्या सामन्याला वही घेऊन बसा. दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, चेंडूकडे नाही. चेंडू त्याच्याकडे निघाल्यावर, पाय लागण्याआधी, त्याने मान किती वेळा वळवली ते लिहा. त्याच्या पहिल्या स्पर्शानंतर चेंडू पुढं गेला, मागं गेला की गमावला, ते लिहा. गमावल्यावर तो पळाला की उभा राहिला, तेही लिहा. असे तीन सामने झाले की वही आणि पोराला घेऊन त्याच्या प्रशिक्षकाकडे जा आणि तिघं मिळून ती पानं वाचा.