थर्माकोलची शकुंतला

आज दारव्ह्याले भाच्याच्या शाळेतलं प्रदर्शन पाहून आलो राजेहो! पोट्ट्यांनी यवतमाळ-मूर्तिजापूर लाईनवरच्या शकुंतला रेल्वेगाडीचं मॉडेल केलं, सायकलच्या ताराचे रूळ, बुटाच्या खोक्याचे डबे अन् धुराड्यात धूर म्हणून कापूस खोचलेला, आता जी लाईन इंग्रजानं कापूस न्यायलेच टाकली तिच्या धुराले कापूसच, याहून भारी काय पायजे. मोटर दोनदा बंद पडली, म्हणजे एकदम ओरिजिनल!

खरं वाफेचं इंजिन मँचेस्टरचं, १९२१ चं, १९९४ ले डिझेल आलं तोवर धावलं.

आबाजी वाकून वाकून पाहत होते, मंग म्हणे, "फाटक लावाले गाडीतून उतरणारा माणूस कुठं हाय रे?" पोट्टे एकमेकाकडे पाहाले लागले. निघताना आबाजीनं खिशातली आगकाडी काढून फाटकापाशी उभी खोचली.