क्रेडिट जमा आहेत, पण वटतील का?

विद्यापीठ बदलायचं असेल तर आधी हे समजून घ्या. प्रत्येक पेपरला तासांच्या हिशेबाने ठरावीक क्रेडिट असतात, आणि पास झालात की ते मिळतात. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, हे त्या क्रेडिटचं ऑनलाइन पासबुक आहे. त्यात पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट दिसले म्हणून नव्या विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेलच असं नाही. ते क्रेडिट कोणत्या विषयांच्या बदल्यात धरायचे, हे नवं विद्यापीठ ठरवतं. त्यालाच समकक्षता म्हणतात, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. तुमचा पेपर ३ क्रेडिटचा आणि तिकडचा ४ चा असेल, तर नाव तेच असूनही १५ तास कमी पडतात. मग तो पेपर पुन्हा द्या किंवा राहिलेला भाग वेगळा पूर्ण करा, असं सांगितलं जाऊ शकतं. ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), भारतीय ज्ञानप्रणाली यांसारखे विषय त्यामानाने सहज धरले जातात. काटेकोर तपासणी होते ती मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची. मायनरचं, म्हणजे जोडविषयाचं, तर आधीच विचारून घ्या. तुमचा मायनर तिथे शिकवतच नसतील, तर ते क्रेडिट बसवायचे कुठे? म्हणून नुसती गुणपत्रिका नेऊ नका. प्रत्येक पेपरचा घटकवार अभ्यासक्रम, तासांसकट, जुन्या कॉलेजच्या सही-शिक्क्याने घ्या.

बदल करायचाच तर पहिल्या वर्षानंतर करावा. यूजीसीच्या २०२१च्या एबीसी नियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. १३२ क्रेडिटच्या पदवीत दोन वर्षांचे ८८ घेऊन गेलात, तर तिकडे मिळवायला उरतात फक्त ४४. निम्मे, म्हणजे ६६, भरणार कसे?

कागदांचा क्रम चुकवू नका. आधी नव्या कॉलेजात तिसऱ्या सेमिस्टरला जागा रिकामी आहे का ते बघा आणि समकक्षतेचं उत्तर लेखी घ्या. टीसी त्यानंतर. घाईने टीसी काढला आणि तिकडे नकार आला, तर इकडची जागाही गेली. विद्यापीठ बदलताना टीसीबरोबर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं. ते येईपर्यंत प्रवेश तात्पुरत्या पात्रतेवर चालू शकतो. पण पात्रता पक्की झाली नाही, तर निकाल राखून ठेवला जातो.

पासबुकही आधीच उघडून बघा. एबीसी आयडी १२ अंकी असतो, डिजिलॉकरमधून निघतो. आधारवर एक नाव आणि गुणपत्रिकेवर दुसरं, आईचं नाव कुठे आहे कुठे नाही, एवढ्यावरूनही नोंदी जुळत नाहीत. क्रेडिट दिसतच नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. ते विद्यापीठालाच चढवावे लागतात, विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत. जमा क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात, आणि एकदा एखाद्या पदवी-पदविकेसाठी वापरले की खात्यातून वजा होतात.