गेटबाहेरचे साहेब

उमी-शिबाउरा स्थानकातून बाहेर पडायला रस्ता एकच, कारखान्याच्या गेटातून. योकोहामाच्या त्सुरुमी मार्गाला फुटलेल्या एका फाट्याचं हे शेवटचं स्थानक, 1940 सालचं. प्लॅटफॉर्मच्या कठड्याखाली थेट कालव्याचं पाणी. रेल्वेचा माणूस नाही, फक्त कार्ड टेकवायचं यंत्र. आणि पुढे कारखान्याचा सुरक्षारक्षक. पास नसेल तर पुढच्या गाडीने परत. अशा लोकांसाठी 1995 मध्ये कालव्याकाठी एक चिमुकली बाग झाली, तेवढीच सोय. सकाळ-संध्याकाळ कामगारांची गर्दी असते. मधल्या वेळात गाडी चुकली की तास-दीड तास गेलाच.

आमचे साहेब त्या बागेत अडकले. साठीच्या पुढचे, नाशिककडचे, ग्राहकाच्या वतीने टर्बाइनच्या रोटरची, म्हणजे त्यातल्या फिरणाऱ्या भागाची, चाचणी बघायला आलेले. ही चाचणी घडवून आणणं हे माझं काम. प्रवेशाच्या यादीत आमच्या मुख्य कार्यालयाने साहेबांच्या आडनावाच्या जागी वडिलांचं नाव घातलं होतं. रक्षकाने पासपोर्ट यादीशेजारी ठेवला, एकेका अक्षराखाली बोट फिरवलं, आणि वाकून नमस्कार करत नकार दिला. सुधारित यादी आल्याशिवाय प्रवेश नाही. तेव्हा जपानात साडेदहा वाजले होते, म्हणजे मुंबईत सकाळचे सात. तिथे फोन उचलणार कोण? परदेशी पाठवायच्या माणसाचं नाव पासपोर्ट समोर ठेवून लिहावं, एवढं साधं काम आपल्याकडे कुणालाच आपलं वाटत नाही.

आत सगळी तयारी झालेली. रोटर निर्वात कोठीत फिरवतात, कारण भर वेगात हवेच्या घर्षणानेच तो तापेल. हवा काढण्यातच बराच वेळ जातो. मग वेग टप्प्याटप्प्याने चढवायचा. क्रिटिकल स्पीडपाशी, म्हणजे फिरण्याचा वेग रोटरच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतो तिथे, कंपनं एकदम उसळतात, ती दोन्ही बेअरिंगांवर नोंदवायची. शेवटी नेहमीच्या वेगापेक्षा वीस टक्के जास्त वेग, तोही थोडाच वेळ. कंपनांच्या आलेखाची रेघ कुठे वर चढते, हे शेजारी उभं राहून बघण्यासाठीच निरीक्षक इतक्या लांब येतो.

चाचणीप्रमुखांनी मार्ग सुचवला: आम्ही रोटर चालवतो, आलेख गेटवर आणून देतो, साहेबांनी सही करावी. मी तो निरोप घेऊन बागेत गेलो. साहेब बाकावर डबा उघडून बसले होते.

"न बघता सही? अरे, मग मला आणलं कशाला?"

"साहेब, कोठी उद्या दुसऱ्या कामाला दिलीय."

"असू दे. थांबायला सांग त्यांना."

आणि ते थांबले! दुपारी मुंबईचं कार्यालय उघडलं, यादी आली, रक्षकाने पुन्हा अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं आणि साहेबांना आत सोडलं. आलेखात एका बेअरिंगवरची कंपनं मर्यादेत होती, पण साहेबांना ती रेघ पटली नाही. त्यांनी रोटर पुन्हा चालवायला लावला. सगळे रात्री उशिरापर्यंत राबले, कुणी तोंड वाकडं केलं नाही.

साहेबांचा मला फार अभिमान वाटला. रक्षकाचा मात्र दिवसभर राग येत होता, आणि आता तोच राग मला छळतोय. त्यानेही साहेबांसारखंच, खात्री पटल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नव्हतं. तरी वाटतं, साठी उलटलेल्या माणसाला निदान गेटाच्या आत, सावलीत, एक खुर्ची देता आली असती. चाचणीप्रमुखांकडे मी हे बोललो. ते म्हणाले, आत म्हणजे आतच.

आता यादी मीच करतो. पासपोर्टची प्रत आल्याशिवाय पाठवत नाही. मुख्य कार्यालयाला हे जाचक वाटतं.