पेरणीआधी भाजीचे पैसे

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हल्ली सारखं विचारतात, ती शेतकऱ्याकडून डायरेक्ट भाजी येते ती स्वस्त पडते का. दर आठवड्याला तरी नाही पडत. आणि स्वस्त पडावी म्हणून आम्ही ते सुरूच केलेलं नाही, म्हणून एकदा नीट लिहितेय.

यात सीझनच्या आधी आपण शेतकऱ्याला अख्ख्या सीझनचे पैसे देतो आणि मग जे पिकेल त्यातला आपला वाटा आठवड्याला घरी येतो. जे पिकेल ते, आपण मागू ते नाही. पीक जोरात आलं तर पिशवी भरून, अवकाळीने झोडपलं तर कमी, आणि तेव्हा पैसे परत मागायचे नाहीत. जपानमध्ये १९७० च्या दशकात घरं आणि शेतकरी असे जोडले गेले, कारण लोकांना फवारणीची भीती वाटायला लागली होती. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर सुरू झालं, तिकडे कम्युनिटी सपोर्टेड अॅग्रिकल्चर म्हणतात.

फायदा कुणाचा? माझ्या मते आधी शेतकऱ्याचा, आणि तोही भावापेक्षा पैसे वेळेवर मिळण्याचा. ज्यांच्याकडून आमची भाजी येते ते शेतकरी काका मुरबाडकडचे, भात निघालं की भेंडी, काकडी, वाल. बी, खत, ट्रॅक्टर याला पैसा लागतो नोव्हेंबर-डिसेंबरात आणि भेंडीचा पैसा येतो फेब्रुवारीनंतर, तोवर कृषी केंद्राची उधारी डोक्यावर. आणि भेंडी म्हणजे दिवसाआड तोडा करायलाच लागतो, एक तोडा चुकला की जून होते, काकी पहाटेच हातमोजे घालून जातात कारण ती बारीक लव लागून हात खाजतात. एवढं करून माल वाशीच्या घाऊक बाजारात गेला की भाव काय लागला ते व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात आल्यावर कळणार, त्यातून गाडीभाडं वजा. २०१६ पासून राज्यात फळं-भाजी बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक आहे, पण बांधलेलं गिऱ्हाईकच नसेल तर माणूस पुन्हा त्याच टेम्पोत माल भरतो ना.

आपल्याला काय, तर ताजी भाजी मिळते आणि काय फवारलं ते थेट विचारता येतं. विचाराच, कारण असा वाटा घेतला म्हणून भाजी आपोआप सेंद्रिय होत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. एकरकमी पैसे भरणं आपल्याला जमतं, आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना नाही जमत, त्या रात्री भाव उतरल्यावर स्टेशनजवळून भाजी घेतात. बाहेरच्या देशांत काही शेतांवर हप्ते चालतात, काही ठिकाणी शेतात काम करून वाटा मिळतो. मुरबाडला जाऊन काम करणं कुणाला परवडणार, पण हप्ते का नकोत? म्हणून यंदा दिवाळीआधी आम्ही काहीजण जास्तीचे पैसे पुढे भरतोय, म्हणजे काकांच्या हातात नोव्हेंबरात पूर्ण रक्कम पडेल आणि ज्यांना हप्त्याने द्यायचेत ते आम्हाला महिन्याला देतील, ताईंच्या दोन मैत्रिणींनी नावं पण दिलीत. तुम्हाला यायचं असेल तर या, फक्त बारा महिने टोमॅटो-फ्लॉवर हवाच असेल तर नको, वालाच्या शेंगा सलग तीन आठवडे आल्या की ग्रुपवर भांडणं होतात आणि ती काकांपर्यंत पोचतात.